घरात मुले दोन, वाढदिवस एकाचा

लहान मुलाच्या वाढदिवसाला काय न्यावे, हा प्रश्न वरकरणी इतका किरकोळ, की त्यावर कधी लेख लिहावा लागेल असे कोणी पूर्वी म्हणाले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. दुकानात जावे, दुकानदार पुढे करील त्यातले बरे दिसेल ते घ्यावे, रंगीत कागदात बांधून घ्यावे आणि औक्षणाच्या वेळेला पोहोचावे, एवढाच आमचा आजवरचा रिवाज. गेल्या ज्येष्ठात तो मोडला.

धारवाडात मालमड्डीत आमची भाची राहते. तिच्या धाकट्याचा तो पहिला वाढदिवस. थोरली तेव्हा चार वर्षांची. आम्ही बॅटरीवर चालणारी एक मोटार घेऊन गेलो होतो. औक्षण झाले, पेढे वाटून झाले आणि भेटी देण्यास सुरुवात झाली. एकेक पाहुणा उठे, बाळाच्या मांडीवर पुडके ठेवी, फोटो निघे. बाळाला कागदाच्या चुरचुरण्यापलीकडे कशातच रस नव्हता. थोरली मात्र दर वेळी पुढे होऊन पुडके सोडायला हात लावी, आतली वस्तू पाही आणि मागे सरे. सातआठ पुडकी झाल्यावर ती आत निघून गेली. थोड्या वेळाने आमच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले, दोऱ्याने कसेबसे बांधलेले एक पुडके होते. ते आमच्या हाती देऊन ती हळूच म्हणाली, "अज्जा, हे मला द्या. सगळे बघताना द्या."

आम्ही चाचपून पाहिले. आत तिचाच जुना, रंग उडालेला लाकडी भोवरा होता.

सारी हयात मुलांत घालवलेल्या माणसाने यावर काय करावे? आम्ही म्हणालो, "अगं, आज बाळाचा वाढदिवस ना? तू आता मोठी झालीस." आणि पुडके तिला परत दिले. शाळेत दिवसातून दहा वेळा उच्चारायचे वाक्य. जिभेला त्याची इतकी सवय झालेली, की ते आपोआप सुटून गेले. ती रडली नाही, तिने हट्टही केला नाही. पुडके घेऊन मुकाट्याने आत गेली. मोटार त्याच रात्री फुटली, असे दोन दिवसांनी भाचीने फोनवर सांगितले. कोणी फोडली हे तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

त्या 'मोठी'चा आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. चार वर्षांचे मूल मोठे कधी होते? वर्षापूर्वीपर्यंत तीच त्या घरातले बाळ होती. तिच्या अंगाची उंची बोटभर वाढली असेल नसेल. पण पाळण्यात दुसरे कोणी आले आणि ती एका रात्रीत 'थोरली' झाली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) याने पहिल्या मुलाच्या या अवस्थेला पदच्युत राजाची उपमा दिली आहे. आपल्या मराठीने मात्र या नात्याला फार गोड शब्द दिला आहे: पाठचा भाऊ, पाठची बहीण. पुढे चालणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी आहे, असा त्यातला भाव. परंतु जो पुढे चालतो त्याला पाठीशी कोण आहे हे दिसत नाही. आपल्यावरून उठून सगळ्यांची नजर आपल्या मागे गेली, एवढेच दिसते.

एकच भेट दोन भावंडांच्या घरात आली म्हणजे काय होते, ते आपल्या पुराणकारांना चांगले ठाऊक होते. दक्षिणेत पळणीची कथा सांगतात. नारदाने कैलासावर एक दिव्य फळ आणले. ते कापायचे नाही, एकानेच खायचे. विश्वाची प्रदक्षिणा आधी करील त्याला फळ, असे ठरले. कार्तिकेय मोरावर बसून निघाला. गणपतीने आईबापांनाच फेरी घातली आणि फळ मिळवले. ही कथा आपण मुलांना गणपतीची हुशारी म्हणून सांगतो. कार्तिकेय रुसून घर सोडून गेला, हा भाग आपण घाईने उरकतो. आपल्याकडच्या परंपरेत तो क्रौंचगिरीवर गेला. बळ्ळारी जिल्ह्यातील सोंडूरजवळच्या कुमारस्वामीच्या डोंगराला तो क्रौंचगिरी मानतात. हे सोंडूर १९४९ पर्यंत घोरपड्यांचे संस्थान होते, म्हणजे आपल्या मराठी मंडळींना ते अगदीच परके नव्हे. त्या देवळात गेलेल्या भाविकांपैकी किती जणांच्या मनात येत असेल, की हा एक रुसलेला थोरला किंवा धाकटा मुलगा आहे (कोण थोरला यावर उत्तरेचे आणि दक्षिणेचे एकमत नाही), आणि साऱ्या प्रकरणाचे मूळ एका पाहुण्याने आणलेल्या न वाटता येणाऱ्या भेटीत आहे? नारदमुनींची कळ लावण्याची कीर्ती आम्ही जाणतो. पण ती मोटार नेताना आम्हीही त्याहून निराळे काही केले नव्हते, आणि तेही अजाणता.

याउलट आपले घरगुती संस्कार पाहावेत. संक्रांतीनंतर बोरन्हाण करतात. काळ्या कपड्यांत, हलव्याच्या दागिन्यांत नटवून पाटावर बसवतात ते एकाच बाळाला. पण त्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि शेंगा वेचायच्या असतात त्या भोवतीच्या पोरांनी. बाळाचे कौतुक पाटावर आणि बाकीच्यांची धमाल पाटाभोवती! ज्या कोणा आजीने हे प्रथम योजले असेल, तिने बालमानसशास्त्राचा ग्रंथ वाचला नव्हता, पण घरात एकाहून अधिक मुले वाढवली होती खास. वाढदिवसाचा केक आणि पुडक्यांची रास ही पद्धत आपण उचलली. तीत पाटाभोवतीच्या पोरांची सोय मात्र राहून गेली.

यंदाचा वाढदिवस जवळ आला, तेव्हा घरात आमची चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे सरळ होते: दोघांना सारखे काहीतरी न्यावे, म्हणजे भांडण नको. पुष्कळ घरांत असेच करतात. आमच्या एका शिक्षकमित्राचे मत अगदी विरुद्ध. ते म्हणाले, आज दुसऱ्याचा दिवस आहे हे मुलाला कळलेच पाहिजे. दर वेळी तोंड गोड करून गप्प बसवले, तर पुढे त्याला दुसऱ्याचे सुख पाहवणार नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते आणि दोघांचेही आम्हांस पटले नाही. सारखे द्यावे तर धाकट्याच्या वाढदिवसाचा अर्थ काय? आणि काहीच देऊ नये, तर पाच वर्षांच्या मुलीने संतपदाला पोहोचावे अशी अपेक्षा आपण करतो. संतांच्या घरीसुद्धा रुसवेफुगवे होते.

शिवाय धाकट्याचीही एक बाजू आहे, ती थोरलीच्या कळवळ्यात आम्ही विसरू लागलो होतो. दुसऱ्या मुलाला नवे असे काय मिळते? पाळणा थोरलीचा, दुपटी थोरलीची. भाचीने थोरलीच्या वेळी गुळेदगुड्डच्या खणाची कुंची हौसेने शिवून घेतली होती, ती याच्याही डोक्यावर चढली. खेळणी तर सगळी आधीच घरात होती: चित्रे निघालेले ठोकळे, एका कानाचा ससा. काटकसरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, आणि कुंचीच्या बाबतीत तर त्यात माया आहे. पण वर्षातून एकदा तरी 'हे माझे' म्हणावे अशी एक वस्तू त्या जीवाच्या वाट्याला यायला हवी. म्हणून 'दोघांत मिळून एक' हाही मार्ग आमच्या मते खरा नव्हे. दोघांत मिळून एक म्हणजे व्यवहारात थोरलीची एक.

तिसरी गोष्ट अशी, की दोन वर्षांच्या मुलाला हवी असलेली वस्तू दुकानात नसतेच. ती थोरल्या भावंडाच्या हातात असते. धारवाडात इंग्रजी शिकवता शिकवता मराठी कथेला निराळे वळण देणाऱ्या जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी 'बखर बिम्मची' हे मुलांसाठी पुस्तक लिहिले. त्यातला बिम्म आणि त्याची बहीण बब्बी ज्यांनी वाचली आहेत, त्यांना आमचे म्हणणे फोड करून सांगायला नको. बहीण जे करील ते करायचे, जिथे जाईल तिथे जायचे, ही त्या वयाची मोठी महत्त्वाकांक्षा असते. तेव्हा नव्या खेळण्याला धाकट्याच्या लेखी किंमत येते ती थोरली त्याला हात लावील तेव्हाच. आणि थोरलीनेच त्याच्याकडे पाठ फिरवली, तर ते कोपऱ्यात पडून राहते, किंवा रात्रीत फुटते.

ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधक स्त्रियांनी इंग्लंडात केंब्रिजच्या परिसरातील ४० कुटुंबांचा, दुसरे मूल जन्मण्याच्या आधीपासून, घरी जाऊन अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. त्यांतील एक निरीक्षण आमच्या मनात घर करून राहिले. ज्या आया पहिल्या मुलाशी तान्ह्याविषयी बोलत, 'याला भूक लागली असेल का, हा का रडतो असे तुला वाटते', असे त्याचे मत घेत, त्या घरांतील भावंडे पुढे एकमेकांशी अधिक जिव्हाळ्याने वागताना दिसली. थोरल्याला गप्प बसवण्याऐवजी सल्लागार नेमावे, असा याचा आम्ही आमच्यापुरता अर्थ केला. आणि भाचीला फोन करून कळवले, की रविवारी थोरलीला आमच्याबरोबर हुबळीला पाठव.

ज्युबिली सर्कलवर चिगरी बसमध्ये बसलो. खिडकीची जागा मिळाल्यावर बाईसाहेब खुशीत होत्या. उणकल तलाव येईपर्यंत आम्ही विषय काढला नाही. मग विचारले, "तम्मासाठी काय घ्यायचे?" उत्तर तयार होते: "कंपासपेटी." कोणासाठी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, की तो पेन्सिलीने काय करील? तिने क्षणभर विचार केला. "चावेल. तो सगळं चावतो."

इथून पुढे त्या मुलीने आम्हांला जे शिकवले, ते कोणत्याही पत्रकात मिळाले नसते. दुर्गदबैलच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही एका दुकानात शिरलो. दुकानदाराने दोन वर्षांचे मूल म्हणताच मण्यांची एक ओवणी पुढे केली. थोरली म्हणाली, "बारीक नको. नाकात घालतो. मागे शेंगदाणा घातला होता, डॉक्टरकडे नेला." मग दिव्यांची, गाणे म्हणणारी बाहुली आली. तिचे बॅटरीचे झाकण नखाने उघडत होते. हे आम्हीच बाजूला सारले. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या मुलाने गिळल्या आणि अन्ननलिकेत अडकल्या, तर दोन तासांत आत भाजून निघते. संशय आला तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे लागते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सुटा, सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल असा तुकडा असू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या खेळण्यांना तेवढी त्यातून सूट दिली आहे. घरात थोरले मूल असले, की आणखी एक अडचण उद्भवते, ती कोणत्या चिन्हाने सुटत नाही. धाकट्याचे खेळणे कितीही निर्धोक आणा, थोरल्याच्या गोट्या, सागरगोटे आणि मणी त्याच घरात असतात. मग आई ते उचलून कपाटावर ठेवते, आणि थोरल्याच्या तक्रारवहीत आणखी एक नोंद होते.

दुकानात एका फळीवर चन्नपट्टणची खेळणी मांडली होती. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या या गावाचे नाव आपल्या भागात भोवऱ्यामुळे पोराटोरांनाही ठाऊक आहे. काळ्या कुड्याचे, दुधासारखे पांढरे, हलके लाकूड चरकावर फिरवून आकार देतात. मग ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासून झिलई आणतात. हळदीसारख्या वनस्पतिज रंगांचा वापर त्यात पूर्वापार आहे. कोना नाही, टोक नाही, दात लावला तरी सहजी पोपडा सुटत नाही. आपल्या अधिक जवळची, कोप्पळ जिल्ह्यातली किन्नाळची चित्रे पाहताच नजर ठरते. चित्रगारांची ती पिढीजात कला. पण ती फळीवर मांडून पाहण्याची. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याची नव्हे.

आमच्या मनात ठोकळे होते. बालोद्यानाची कल्पना मांडणारा फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) आपल्या शैक्षणिक साधनांना 'भेटी'च म्हणे. त्याची पहिली भेट लोकरीचे सहा रंगीत चेंडू, आणि तिसरी आठ लाकडी घनांची. अध्यापकाला शोभेल अशी निवड म्हणून आम्ही ठोकळ्यांचा डबा हाती घेतला. थोरलीने मान हलवली. "मी बांधते आणि तो पाडतो. मग मी मारते. मग आई मला रागावते." फ्रोबेलसाहेबांचा डबा आम्ही जागेवर ठेवला.

तिने निवडली ती एक लाकडी गाडी. पिवळी, चार मोठी तांबडी चाके, पुढे जाड दोरी. आधी तिने दुकानातच ती ओढून पाहिली. मग चाक तोंडापाशी नेऊन 'याच्या तोंडात मावत नाही' अशी खात्री करून घेतली. दोरी फार लांब आहे, गळ्यात अडकेल, हे दुकानदाराच्याच लक्षात आले; त्याने ती हातभर ठेवून कापली. आम्ही विचारले, "तो ओढील, आणि तू काय करशील?" ती म्हणाली, "मी भरणार. तो ओढतो आणि सांडतो, आणि मी परत भरते." म्हणजे सगळा खेळ तिने आधीच मनात खेळून पाहिला होता. दोन वर्षांचे मूल सहसा दुसऱ्याच्या शेजारी खेळते, दुसऱ्याबरोबर नव्हे, हे मिल्ड्रेड पार्टन हिने १९३२ सालीच नोंदवून ठेवले आहे. शेजारी खेळता खेळता बरोबर खेळल्यासारखे व्हावे, अशी वस्तू या मुलीने पुस्तकावाचून शोधली. पुडके बांधताना वर नाव कोणाचे घालायचे, असे दुकानदाराने विचारले. तिने आपले नाव सांगितले. मग थोडे थांबून "आणि अज्जाचं" असे म्हणाली.

आता प्रश्न उरला तिला काही द्यावे की नाही याचा. तत्त्वाने पाहिले, तर देण्याचा मान मिळाल्यावर घेण्याची गरज नव्हती. पण गेल्या वर्षीचे एक देणे आमच्याकडे थकले होते, आणि थकबाकीला तत्त्व लागू होत नाही. वाढदिवस मण्णेत्तिन अमावास्येच्या आसपास येतो. ज्येष्ठातल्या या अमावास्येला आपल्या या भागात मातीचे बैल पुजतात. आदल्या दिवसापासून बाजारात ते विकायला येतात. एक बैल कोणी घेत नाही आणि कुंभारही देत नाही. घ्यायची ती जोडी. आम्ही एक जोडी घेतली आणि घरी येऊन जाणूनबुजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली, वरून दोरा बांधला.

वाढदिवसाला पाहुणे गेल्या वर्षीइतकेच होते. थोरलीने गाडीचे पुडके स्वतः धाकट्यापुढे ठेवले, स्वतःच सोडले आणि दोरी त्याच्या मुठीत दिली. त्याने ती प्रथम चावून पाहिली. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "बघा, मी सांगितलं होतं." मग सगळे बसले असतानाच आम्ही उठलो, तिला जवळ बोलावले आणि वर्तमानपत्राचे पुडके तिच्या हातात दिले. आमचा आवाज थोडा घोगरा झाला असावा, कारण सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. थोरलीने पुडके उलटसुलट फिरवले.

"रंगीत कागद संपला होता का, अज्जा?"

तिला काही आठवत नव्हते. वर्षभर आम्हीच ते उराशी घेऊन बसलो होतो. निदान त्या वेळी तरी आम्हांस असे वाटले. बैल निघाले. एक तिने धाकट्याच्या गाडीत ठेवला, आणि दुसरा, शिंग मोडेल म्हणून, स्वतःकडे ठेवला. धाकट्याने दोरी ओढली. गाडी पुढे गेली, बैल मागे पडला, एक शिंग तिथेच राहिले. आता रडारड होणार म्हणून भाची स्वयंपाकघरातून धावत आली. थोरलीने बैल उचलला, मोडक्या शिंगाकडे पाहिले, आपल्या हातातल्या अखंड बैलाकडे पाहिले, आणि मोडका पुन्हा गाडीत ठेवला. "हा तुझा," ती त्याला म्हणाली. तो पुन्हा ओढू लागला.

निघताना चपला घालत असताना ती आमच्या मागे आली. "अज्जा, माझा वाढदिवस मार्गशीर्षात आहे," ती म्हणाली, "तेव्हा तम्माला घेऊन जा दुकानात. पण त्याला काही कळत नाही, म्हणून मीपण येईन."